पेवातल्या हवेचं वजन

आमच्या पंचक्रोशीत कॉलेजातून पदवी घेऊन आलेला पहिला माणूस मी. हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही, आणि तेव्हा तर मुळीच वाटत नव्हती. माझ्याआधी आमच्या घरात अक्षराशी कोणाची ओळख नव्हती. कागदावर नाव घालायची वेळ आली की वडील नांगराचं चित्र काढत; थोरला भाऊही तेच काढी. त्या दोन नांगरांखाली माझी सही पहिल्यांदा झाली, तेव्हा वडिलांनी तो कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला होता.

मी शिकलो तो कापसावर. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी दिवस आले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कधी अमरावतीला तर कधी अकोल्याला गाड्या भरून नेई. त्या गाड्यांवर माझं मुंबईचं राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं चालत होतं. पण त्या भरात सगळ्यांनी एक खुळेपणा केला. ज्याच्या त्याच्या वावरात नुसती कापसाची पऱ्हाटी. ज्वारी पेरायला कोणी तयार होईना. परीक्षा देऊन मी बडनेऱ्याला आगगाडीतून उतरलो, तेव्हा लढाई संपून वर्ष होत आलं होतं, गावोगाव माड्या चढल्या होत्या, आणि भाकरीला दाणा मिळत नव्हता.

त्यात बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. पाहुणे येणार, त्यांच्या पानात काय वाढायचं? शेवटी वडिलांनी ठरवलं, अंगणाशेजारच्या पांढरीतलं जुनं पेव फोडायचं.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावठाणाच्या पांढऱ्या, कोरड्या मातीत खोल खड्डा खणतात. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, उतरायला भिंतीत पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या, आणि आत पोट मोठं, रांजणासारखं. आतून कडबा लावतात, ज्वारी भरतात, तोंडावर दगड ठेवून चिखलाने लिंपून टाकतात. आमचं पेव दीड-दोन पुरुष खोल होतं. पूर्वी कधीतरी अर्धं उपसून पुन्हा लिंपलेलं. म्हणजे खाली ज्वारी आणि वर, किती वर्षं कोण जाणे, कोंडलेली हवा.

पेवाची भीती आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. प्रत्येक गावात एक तरी पेव माणूस गिळलेलं असतं. आमच्या गावातही होतं. त्याचं तोंड कायमचं बुजवलेलं, आणि त्या जागेवरून बायका डोईवरचा पदर सावरून लगबगीने जात. आत कोणीतरी बसलेलं असतं असं म्हणत. पेव फोडताना लिंबू कापायचं, नारळ फोडायचा, मगच दगड हलवायचा.

हे काम आमच्या गावात एकच म्हातारा करी. सगळे त्याला बाबाजी म्हणत. चाळीस वर्षं पेवं फोडून, उपसून त्याची पाठ कमानीसारखी झाली होती आणि एका कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. त्या सकाळी त्याने लिंबू काढलं आणि मी ते त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं.

"भूत नाही, बाबाजी. आत वायू आहे. त्याला नाव आहे, आणि वजनही आहे."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग लिंबाकडे. त्याने पहारीने चिखल फोडला, दोघांनी दगड सरकवला, आणि आतून एक कढत, आंबूस वाफ तोंडावर आली. जमलेली मंडळी चार पावलं मागे सरली. मी सरलो नाही. एवढं मी तेव्हा अभिमानाने केलं.

बाबाजी वडिलांना म्हणाला, "दोन दिस उघडं ऱ्हाऊ द्या. मंग दिवा सोडू तळाले. जळला तं उतरू."

"दोन दिस? अन् दळण कवा होईन? बाया जात्यावर बसून हायेत सकायपासून." वडील माझ्याकडे वळले. "तू सांग बापू. तुह्या पुस्तकात काय हाय?"

आता माझ्या पुस्तकात काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळा प्रसंग त्याच्यावर उभा आहे.

आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे साहेब सांगत, की प्रत्येक वस्तू बारीक कणांची झालेली आहे. हे कण कोणी पाहिलेले नाहीत, एकेक कण काट्यात घालता येत नाही. मग त्याचं वजन कसं सांगायचं? तर सगळ्यांत हलका जो हायड्रोजन, त्याच्या कणाला एक म्हणायचं, आणि बाकीच्यांचं वजन त्याच्या पटीत सांगायचं. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली होती: कोणत्याही वायूचं सारखंच माप घ्या, त्यात कण सारखेच भरतात. म्हणजे पायलीभर हा वायू घेतला काय आणि पायलीभर तो घेतला काय, कणांची संख्या तीच. मग ज्याचा कण जड त्याची पायली जड. जड वायू खाली बसणार, हलका वर जाणार.

मी पेटीतून पुस्तक आणलं आणि कॉलेजातली वही आणली. कोंडलेल्या धान्यातून निघतो तो कार्बॉनिक वायू, हे मला ठाऊक होतं. पुस्तकाच्या शेवटी तक्ता होता. त्यात त्याचं वजन मिळालं: बावीस. वहीत हवेचं वजन होतं: सुमारे एकोणतीस. मी काडीने मातीत दोन्ही आकडे काढले आणि मंडळींकडे तोंड करून उभा राहिलो.

"हा वायू बावीस, आपली हवा एकोणतीस. म्हणजे वायू हलका. तोंड उघडल्याबरोबर तो वर निघून गेला. तुम्हाला वाफ लागली ना तोंडावर? तोच तो. आता आत चांगली हवा उतरते आहे. घटकाभर थांबलं की पुरे."

शेजारचे पिंजारी चाचा टोपली घेऊन उभे होते. त्यांनी मातीतले आकडे वाकून पाहिले. "क्यों मियाँ, हवा कू तराजू में बिठाते कैसे? उड़ती नहीं?"

सगळे हसले. मीही हसलो. बाबाजी तेवढा हसला नाही.

"दिवा सोडू," तो म्हणाला.

"सोडा की. तोंडाशीच धरा. वायू असला तर वरच असणार." दिवा पेवाच्या गळ्याशी दोन हात आत सोडला. चांगला जळत होता. "पाहा! वर जळतो म्हणजे खाली जळणारच."

"वर जयला म्हून खाली जयन काय?"

"हलकी वस्तू वर येते, बाबाजी. तेल पाण्यावर येतं की नाही?"

"ते तेल हाय."

"आणि हा वायू आहे. नियम तोच."

"मी नाई उतरत आज," म्हातारा म्हणाला आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसला.

मला राग आला. सोळा दिवसांची परीक्षा एका लिंबासमोर हरते की काय असं वाटलं. मी अंगरखा काढायला लागलो. "मी उतरतो."

दादाने माझा हात धरला. "तू? तुले पेवात उतरता येईन? खोबणीत पाय अडकून बोंबलशीन तं पाहुणे यायच्या आधी गाव जमन." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माहा भाऊ सांगून राहिला ना, मंग झालं. एवढा शिकला तो काय उगाच?"

माझ्या आकड्यावर त्याच्याइतका भरवसा त्या अंगणात कोणाचाच नव्हता.

तो टोपली घेऊन निघाला तसा बाबाजी उठला. "जातं तं जा. पर रस्सी बांधून जा. कमरेले नाई, काखंतून." त्याने स्वतः गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. दादा हसत म्हणाला, "बाबाजी, बैल बांधून राहिले का?" आणि खोबणीत पाय देत खाली गेला.

त्याचा आवाज वर येत होता. "गरम हाय लय." मग, "वास येऊन राहिला आंबट." मग ज्वारीवर पाय पडल्याचा आवाज. "दाना चांगला हाय, बाबा! किडला नाई!" वडिलांनी हात जोडले. मी चाचांकडे पाहिलं. मला वाटतं त्या वेळी मी मान थोडी वरच केली होती.

मग तो म्हणाला, "पाय..." आणि पुढचं काही आलं नाही.

मला वाटलं, वाकून टोपली भरतो आहे. रस्सी सैल पडली. मी हाक मारली. उत्तर नाही. आतून ज्वारी घसरल्याचा बारीक, लांबत जाणारा आवाज आला, आणि तोही थांबला.

त्यानंतर आयुष्यात मी पटकीची साथ पाहिली आहे, पण भीती म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं ते कळलं. आणि आश्चर्य असं की त्याच वेळी डोळ्यांपुढे पुस्तकातला तो तक्ता उभा राहिला. माझं डोकं मला न विचारता वाचत होतं. कार्बन, सहा. ऑक्सिजन, आठ. आठ! आठ कसा? वहीत ऑक्सिजन सोळा आहे. साहेबांनी फळ्यावर सोळा लिहिला होता. बावीस आणि एकोणतीस हे एका मापाचे आकडे नव्हतेच.

वायू वर नव्हता. सगळा खाली होता, ज्वारीवर पाण्यासारखा साचलेला, आणि दादा त्यात बुडाला होता.

मी पेवाच्या तोंडात पाय घातले. चाचांनी मागून कंबर धरली. मी त्यांना ढकललं असावं, कारण नंतर त्यांचं कोपर सोललेलं पाहिलं. बाबाजीने माझ्या कानफटात दिली. "एक गेला, आता दुसरा कायले? रस्सी वढ!"

वडील, चाचा, मी, आम्ही तिघांनी ओढली. मेलेल्या जनावरासारखं वजन. रस्सी काखेतून होती म्हणून अंग सरळ वर आलं. कमरेला असती तर ते दुमडून गळ्यात आडवं अडकलं असतं. तरी खांदा अडकला. बाबाजी पोटावर आडवा झाला, श्वास कोंडून डोकं आणि दोन्ही हात आत घातले, आणि दादाला शेंडीला धरून फिरवून घेतलं. तोंड बाहेर आलं. ओठ जांभळे होते. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत कोणी नव्हतं.

कडुलिंबाखाली मोकळ्या जागेत त्याला टाकला. बाबाजी सूप घेऊन तोंडावर वारा घालायला लागला, चाचा तळपाय घासायला लागले, वडील नुसते "बापू, बापू" म्हणत होते, आणि ते दादाला म्हणत होते की मला, कळत नव्हतं. आई जात्यावरून उठून बाहेर आली. ती रडली नाही, ओरडली नाही. त्याच्या उशाशी बसली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दादाच्या पोटाकडे पाहत होतो. पोट हलत नव्हतं. सूप हलत होतं, पानं हलत होती, पोट हलत नव्हतं.

मग एक उचकी. मग काहीच नाही. मग दुसरी, आणि तो ओकला.

आई म्हणाली, "जित्ता हाय." पण तो जिवंत आहे म्हणजे किती आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. श्वास चालला होता, पण हाक मारली तर वळत नव्हता. घरात आणून खाटेवर ठेवला तरी डोळे छपराच्या वाशांवर लागलेले. असं झालेली माणसं पुढे वेडी होतात, असं बायका दाराआडून बोलत होत्या. मी ऐकत होतो.

त्या दुपारी मी त्याच्या खाटेशी बसून पुस्तक पुन्हा उघडलं. का उघडलं ते सांगता येत नाही. बहुधा माझी चूक नसेल अशी आशा असावी.

चूक माझीच होती आणि ती अशी. पाणी तोडलं तर एक भार हायड्रोजन आणि आठ भार ऑक्सिजन मिळतो. हे काट्यावर दिसतं. पण पाण्यात कण किती आणि किती, हे काट्यावर दिसत नाही. जुने लोक एकाला एक धरत. म्हणून त्यांच्या तक्त्यात ऑक्सिजनचा कण आठ. नव्यांनी ठरवलं, हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक. मग तोच कण सोळा होतो. कार्बनचाही तसाच सहाचा बारा झाला. कार्बॉनिक वायूत एक कार्बन, दोन ऑक्सिजन. जुना हिशोब केला तर बावीस. नवा केला तर चव्वेचाळीस. आणि वहीतले एकोणतीस हे नव्या हिशोबाचे होते. जुना वायू मी नव्या हवेशी तोलला. चव्वेचाळीस आणि एकोणतीस! दीडपट जड. लहान मुलालाही सांगता आलं असतं की तो तळाशी बसणार.

साहेबांनी वर्गात बजावलं होतं, ज्यांच्या पुस्तकात जुना तक्ता असेल त्यांनी तो आजच फाडून टाकावा. सगळ्यांनी फाडला होता. मी फाडला नाही. आमच्या घरात आई दसऱ्याला त्या पुस्तकाला हळदकुंकू वाहत असे. इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी पुस्तकाला पाय लागला तर ती तोंडात मारून घेई. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं पडलेली असतात त्यांना पान फाडता येतं. मला येईना. तक्त्याच्या पहिल्या ओळीवर कुंकवाचं बोटही उमटलेलं होतं.

ऊन उतरलं तेव्हा दादाचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"टोपली आली का वर?"

आई तेव्हा रडली.

बाहेर मात्र गावाने निकाल लावून टाकला होता. लिंबू कापलं नाही, नारळ फोडला नाही, पेवातल्याने धरलं. वडीलही तेच म्हणू लागले. माझ्या आकड्यांचं नाव कोणी घेईना. ते तर पायांखाली पुसून गेले होते. मला गप्प बसायला काही अडचण नव्हती. कॉलेजात शिकलेल्या माणसाची चूक भुताच्या नावावर फुकट खपत होती. मी ती रात्रभर खपू दिली. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिलं पाहिजे.

सकाळी दादा भिंतीला टेकून पेज पीत होता. मी त्याला सगळं सांगितलं, दोन्ही तक्ते, आठ आणि सोळा. तो ऐकत राहिला. मधेच डोकं दुखून डोळे मिटी, पुन्हा उघडी.

"म्हंजे," तो म्हणाला, "अमरावतीच्या मणानं घेतलं, अन् अकोल्याच्या मणानं देल्लं?"

"तसंच."

"अरे, हे तं दलालाचं पोट्टंबी करत नाई! बाजार बदलला का मण बदलते, हे तुले कोनी सांगतलं नाई?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

त्याने वाटी खाली ठेवली. "बाबाले सांगू नोको. त्याईले लय कवतिक हाय तुह्यं."

पण मी सांगितलं. वडिलांना सांगितलं, चाचांना सांगितलं, आणि बाबाजीच्या घरी जाऊन त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाशी सांगितलं, की खाली असलेला वायू मी वर सांगितला. वडील म्हणाले, "भाकरी उशिरा झाल्या तं होऊ दे." बाबाजी म्हणाला, "वजन मले नाई समजत. दिवा समजते." चाचांनी मात्र कोपर पुढे करून दाखवलं. "ये भी तोल लो, मियाँ."

दोन दिवस पेव उघडं राहिलं. बाबाजीने कडुलिंबाची फांदी दोराला बांधून दिवसातून कितीदा तरी तळापर्यंत सोडली आणि ओढली. आता मला कळत होतं तो काय करतो आहे: जड वायू ढवळून बाहेर काढत होता. तिसऱ्या दिवशी दिवा तळाला टेकला. आम्ही सगळे तोंडाशी वाकून पाहत होतो. ज्योत बारीक झाली, हलली, आणि उभी राहिली.

दादा रस्सी घेऊन आला. अजून त्याचा चेहरा पिवळा होता. त्याने ती काखेतून घेतली आणि माझ्यापुढे उभा राहिला. थट्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

"आता सांग. उतरू?"

दिवा जळत होता. आकडे बरोबर होते; मी ते रात्री पाच वेळा करून पाहिले होते. तरी माझ्या तोंडून हो निघेना. तो थांबला होता, पुन्हा तसाच, पूर्ण भरवशाने, आणि मला त्या पेवापेक्षा त्या भरवशाचीच जास्त भीती वाटली.

मी त्याच्या अंगावरची रस्सी सोडली आणि स्वतःच्या काखेतून घेतली. गाठ बाबाजीने मारली. या वेळी खोबणीत माझे पाय अडकले, दादा म्हणाला होता तसेच, पण कोणी हसलं नाही. खाली ज्वारी घोट्यापर्यंत आत घेत होती. कोपऱ्यात दिवा. आंबूस वास उरलेला. प्रत्येक श्वास मी घेत होतो तो विकत घेतल्यासारखा. वाकलं की दिव्याकडे पाहायचं, दोन ओंजळी भरायच्या, पुन्हा दिव्याकडे पाहायचं.

वर तोंडाच्या उजेडात दादाचं डोकं काळं दिसत होतं. रस्सी त्याने दुसऱ्या कोणाला धरू दिली नव्हती. थोड्या थोड्या वेळाने तो ओरडे, "हाय का रे?"

"आहे."

"मोठ्यानं!"

"आहे!"

पहिली टोपली भरायला मला फार वेळ लागला.